चौदा नंबरच्या काचा

धाकटीचा फोटो कॅन्टीनच्या दाराशी लागला, त्या दिवशी मी चहा न घेताच माघारी फिरले. फोटो तळहाताएवढाच होता. खाली छापलं होतं, ‘या महिन्याचे सर्वोत्तम हात’. ती माझी कोण, हे सगळ्या पाळीला ठाऊक होतं. येणारी-जाणारी प्रत्येक जण थांबून म्हणायची, “काय गं, घरात असं सोनं ठेवलंस आणि कधी बोलली नाहीस?”

“बोलायचं काय? दिसतंयच की,” मी म्हणायचे, आणि तोंड हसरं ठेवायचे.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. तिचं शिक्षण दहावीपर्यंत. मी रसायनशास्त्राची पदवीधर, आमच्या घरातली एकमेव. कारखान्यात आधी लागले मी, आणि तिची शिफारस केली तीही मीच. आमच्या कारखान्यात फोनच्या पुढच्या काचा तयार होतात. काच शेवटी एका बंद खोलीत पुसली जाते आणि मग बाहेर तपासणीला येते. मी तपासणीला होते: पंख्याखाली, उभ्यानं, दर काचेला नऊ सेकंद. दिव्याखाली काच तिरकी धरायची, तिच्यावर हलकीशी फुंकर मारायची आणि वाफ विरताना डाग दिसतो का ते बघायचं.

आतल्या खोलीत मात्र बसायला खुर्ची होती, गारवा होता, पांढरे बूट होते. तिथं जायची परीक्षा आम्ही दोघींनी एकाच दिवशी दिली. डोळे मिटून वीस काचांवरून बोट फिरवायचं आणि कण कोणत्या काचेवर आहे ते सांगायचं. मला तेरा ओळखता आल्या. धाकटीनं वीसच्या वीस ओळखल्या, आणि वर म्हणाली, “सातव्या काचेवर दोन आहेत.” परीक्षा घेणाऱ्यानं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. खरंच दोन होते.

घरी सासूबाईंनी तिचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. “माझ्या सुनेची बोटं बघा,” असं शेजारणीला सांगितलं. माझी पदवी त्यांनी शेजारणीला कधी दाखवली नव्हती. तशी ती दाखवण्यासारखी वस्तूही नाही म्हणा.

धाकटीचा नंबर चौदा. तिच्या ट्रेवर चौदाची चिठ्ठी असायची आणि तो ट्रे बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर यायचा. पहिले चार महिने मी तिची एकही काच नापास केली नाही. कारण सोपं होतं, नापास करण्यासारखी एकही सापडली नाही. मी शोधत नव्हते असं नाही. इतरांच्या काचेला नऊ सेकंद द्यायचे, तिच्या काचेला बारा. दोनदा फुंकर मारायचे. वाफ कडेकडून आत विरत जायची आणि मागे नुसती काच उरायची.

पाचव्या महिन्यात पुसायचं द्रव बदललं. आधी स्पिरिट होतं. नवीन आलं त्याच्या बाटलीवर फक्त ‘क्लीनर दोन’ लिहिलेलं. दिव्याची काच पुसायला आम्हालाही त्याची छोटी बाटली मिळाली. मला राहवलं नाही. सुट्टीत एका काचेवर स्पिरिटचा थेंब ठेवला, शेजारी नव्याचा, आणि घड्याळ लावलं. स्पिरिट उडायला चाळीस सेकंद लागले, नव्याला आठ. म्हणजे काच पाचपट लवकर कोरडी. त्याच आठवड्यात आतल्या बायकांचं रोजचं लक्ष्य सहाशे काचांवरून नऊशेवर गेलं, तेव्हा आठ सेकंदांचा अर्थ मला कळला. वास हुंगून पाहिला. तो वास मी कॉलेजात घेतला होता आणि त्यासाठी सरांची बोलणीही खाल्ली होती.

त्या संध्याकाळी जेवताना धाकटी स्वतःहून बोलली. “ताई, नवीन औषध आलंय पुसायला. हाताला असं गार लागतं! आणि पुसलं की गायब.”

“हातमोजे घालतेस ना?”

“मोजे घातले की कण लागत नाही हो बोटाला. सगळ्याच काढून ठेवतात.”

“आमच्या कॉलेजात असलं काही उघड्यावर काढू देत नसत,” मी म्हणाले. “वाफ ओढून घेणारी काचेची पेटी असायची, तिच्यात हात घालून काम करायचं. तुझ्या त्या राजमहालाला खिडकी तरी आहे का?”

‘राजमहाल’ म्हणायला नको होतं. सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. “आलं कॉलेज! हिचं काही चांगलं झालं, की तुझ्या कॉलेजात नेमकं त्याच्या उलट शिकवलेलं असतं.”

दीर हसले. माझा नवराही हसला, भाताकडे बघत. धाकटी तेवढी हसली नाही. “खिडकी नाहीये ताई,” एवढंच म्हणाली. “धूळ येते ना.”

माझ्या त्या बोलण्यात काळजी किती आणि जळफळाट किती, हे मला स्वतःलाही वेगळं काढून दाखवता आलं नसतं. पण मग पुन्हा विषय काढला नाही, त्याचं कारण मात्र मला पक्कं माहीत होतं. पुन्हा काढला असता, तर मीच वाईट ठरले असते.

अडीच महिन्यांनी चौदा नंबरच्या ट्रेत पहिला डाग सापडला. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, नखाच्या कोरीसारखी बारीक रेघ. मी तीन वेळा फुंकर मारून पाहिली. रेघ होती. मला झालेला आनंद लपवायला मी मान खाली घातली. नापासाचा शिक्का इतका नीट, इतका सरळ मी त्याआधी कधी मारला नव्हता.

नापास काचेचा तक्ता दोन प्रतींत भरायचा असतो. डाग कुठे, केवढा, आणि शेवटी ‘शेरा’. एक प्रत वर जाते. दुसरी आमच्या खणात पडून राहते आणि महिनाअखेरीस रद्दीत जाते. चौदा नंबरच्या तक्त्यांची दुसरी प्रत मी घरी न्यायला लागले. कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवायचे, लोक प्रेमपत्रं ठेवतात तशी. पहिल्या आठवड्यात शंभरात दोन काचा, तिसऱ्यात पाच, सहाव्यात अकरा. कोपऱ्यातली कोर दोन मिलिमीटरवरून सातवर गेली. दर वेळी तोच कोपरा. शेऱ्यात मी लिहायचे: ‘घाई’. मग ‘लक्ष नाही’. मग ‘फाजील आत्मविश्वास’. एकदा ‘माज’ लिहिलं, आणि खोडलं नाही.

माझ्यापुढे आकडे होते, तारखा होत्या, आठवड्यागणिक चढत जाणारी रेषा होती. तीन वर्षं मला दुसरं काय शिकवलं होतं? एकच गोष्ट एकाच जागी, एकाच दिशेनं वाढत असेल, तर त्यामागे कारण शोधायचं. मला कारण आधीच सापडलेलं होतं: तिच्या डोक्यात हवा गेलीय.

घरातही मला तेच दिसत होतं. ती चालताना पाय आपटायला लागली. जिन्यावर फट फट आवाज करत यायची, आणि मला वाटायचं, ही आता राणीसारखी वाजत गाजत येणार. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, जरा हळू. खालच्यांच्या डोक्यावर नाचतेस का?” ती ओशाळून हसली. दोन कप फुटले. ‘जाऊ दे गं, कपच तो,’ असं तिला ऐकायला मिळालं. माझ्या हातून फुटला होता तेव्हा त्या कपाचा जन्मापासूनचा इतिहास मला ऐकवला होता.

सगळ्यात झोंबलं ते केसांचं. एके सकाळी धाकटी कंगवा घेऊन सासूबाईंपुढे बसली. “आई, तुमच्या हातची वेणी छान बसते. मला जमत नाही तशी.” मग रोजच बसायला लागली. सासूबाई तिची वेणी घालायच्या, क्लिप लावायच्या, पाठीवर थोपटायच्या. मी त्याच वेळी डबे भरत असायचे. माझे केस त्यांनी एकदाही विंचरले नव्हते. ‘किती ही लाडीगोडी,’ असं मी मनात म्हणायचे, आणि डब्याची झाकणं दाबून दाबून लावायचे.

आमच्या सुपरवायझरला सगळे काटा म्हणत, कारण त्याची नजर माणसाच्या तोंडावर कधी नसायची, सदा सेकंदकाट्यावर. त्यानं मला बोलावलं. “चौदा नंबर तुमच्या जाऊबाई ना? झालंय काय त्यांना? नऊशेवरून साडेपाचशेवर आल्या, त्यातही डाग. घरी काही भानगड?”

“घरी काही नाही.”

“मग?”

“फोटो लागल्यापासून डोक्यात हवा गेलीय,” मी म्हणाले.

हे मी मोठ्यानं, शांतपणे, दुपारी सव्वातीनला म्हणाले. काट्यानं मान हलवली. सोमवारी धाकटीला घरी बसवलं, ‘कामात निष्काळजीपणा’ असं लिहून. कारखान्याच्या डॉक्टरनं जाता जाता अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. मंगळवारी काटा माझ्या टेबलाशी आला. “खुर्ची रिकामी आहे. बसता का? शिकलेल्या आहात, लक्ष देऊन कराल.”

मी बुधवारी बसले.

खुर्ची छान होती. पाठीला टेकायला होतं. हवा गार, आणि त्या गार हवेत तो वास, बाहेर यायचा त्याच्या दसपट. मी वर पाहिलं. धूळ आत येऊ नये म्हणून तिथलीच हवा गाळून पुन्हा आत सोडली जात होती. गाळणीत धूळ अडकते, वाफ अडकत नाही. एवढं कळायला पदवी लागत नाही. फक्त एकदा मान वर करावी लागते.

मग मी बाकीच्यांकडे बघायला लागले. आत आम्ही अकरा जणी होतो. समोरचीनं अंगरख्याची नाडी दातात धरून बांधली. कोपऱ्यातली पुसायचं फडकं दोन्ही तळव्यांत धरत होती, ओंजळीत पाणी घ्यावं तसं. एकीनं खाली पडलेली चिठ्ठी उचलायला चार वेळा बोटं फिरवली आणि शेवटी ती ओल्या तळव्याला चिकटवून उचलली. जेवायच्या सुट्टीत तर कोणीच डब्याचं झाकण बोटांनी उघडलं नाही. सगळ्यांनी ते टेबलाच्या कडेला अडकवून काढलं, जणू ती तिथली पद्धतच असावी.

माझ्या शेजारी चष्मा लावणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, “मावशी, बोटं कधीपासून अशी?”

त्यांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल गं बाई. कोणाला सांगू नकोस. माझं वय झालं आता. बाकीच्या बघ कशा भराभर पुसतात.” त्यांनी समोरचीकडे बोट केलं. त्यांच्या नजरेतली ती जळजळ मी लगेच ओळखली. घरचीच होती.

समोरची मला हात धुताना भेटली. ती म्हणाली, “माझ्या एकटीचंच होतंय. रात्रभर पायाला मुंग्या येतात. त्या चष्मेवालीला बघ, या वयात काय हात चालतो!”

दिवसभरात मी सात जणींशी बोलले. सातही जणी म्हणाल्या, माझ्या एकटीचंच. बाहेर फलकावर फक्त सगळ्यांत जास्त काचा पुसणारीचा आकडा लागायचा, त्यामुळे आपण सोडून सगळ्या जणी त्याच्या आसपास असणार, असं प्रत्येकीनं धरलं होतं. एकमेकींवर जळण्यात आमचे डोळे इतके गुंतले होते, की कोणी कोणाचे हात बघितलेच नव्हते.

संध्याकाळी बाटल्या भरायच्या निमित्तानं मी साठ्याच्या खोलीत गेले. मोठ्या पिंपावर कारखान्याचा कागद डकवला होता, त्याचा कोपरा सुटलेला. खालचं मूळ लेबल वाचलं. हेक्सेन. पाच महिन्यांपूर्वी थेंब मोजला होता तेव्हापासून मला जे माहीत होतं, तेच तिथं छापलेलं होतं. हळूहळू नसा मारतं, बोटांच्या टोकांपासून आणि पायांच्या तळव्यांपासून, हेही मी परीक्षेत लिहून आले होते. त्याला मार्कही मिळाले होते.

घरी आले तेव्हा धाकटी पलंगावर बसून अंगातल्या सदऱ्याचं बटण लावत होती. काजाला बटण सापडत नव्हतं आणि बटणाला काज. मी लावायला पुढे झाले.

“राहू द्या ताई. होईल,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “खुर्ची कशी आहे?”

“उद्या मोठ्या इस्पितळात जायचं आपण,” मी म्हणाले. “दोघींनी.”

“तुमचा उद्या दुसराच दिवस ना? खाडा होईल.”

“होऊ दे.”

सासूबाई दारातून म्हणाल्या, “अशक्तपणाला इस्पितळ कशाला?” मी कपाट उघडलं, कपड्यांखालचे तक्ते काढले आणि पिशवीत घातले. ते बाहेर काढीनच, असं तेव्हाही मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण त्यांचे हात घाईत नव्हते. धाकटीच्या गुडघ्यावर त्यांनी छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी लावली. “टोचलं?” “नाही.” “आता?” “लावली का?”

मी पिंपावरचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “असल्या केसेस मी पाहिल्यात. बरंचसं परत येईल, पण वर्ष-दोन वर्षं जातील. आधी आणखी थोडं बिघडेल, घाबरू नका. पूर्ण पहिल्यासारखं होईल, असं वचन मी देणार नाही.” मग धाकटीला विचारलं, “सुरू कधी झालं? नक्की?”

“असंच... हळूहळू,” धाकटी म्हणाली.

“असंच चालणार नाही. कारखाना म्हणेल, दुखणं आधीचंच होतं, घरून घेऊन आल्या. तुमचे उपचार त्यांच्याकडून व्हायला हवेत आणि ते द्रव बंद व्हायला हवं, तर द्रव कधी आलं आणि हात कधी बिघडले, याची तारीख लागेल. कुठे काही लिहिलेलं आहे?”

धाकटीनं मान हलवली. नाही.

मी पिशवीवर हात ठेवून बसले होते. दिवसचे दिवस तिच्या चुका वेचून ठेवल्या होत्या, आणि आता त्या तिच्यासमोरच टेबलावर मांडायच्या. नाही मांडल्या, तर कोणाला कधी कळणारही नव्हतं.

“आहे,” मी म्हणाले. “तारखेसकट.”

डॉक्टरीणबाईंनी तक्ते एकामागून एक पाहिले. कोपरा, मिलिमीटर, आठवडा. “डाव्या कोपऱ्यात अंगठ्याचा जोर लागतो का?” त्यांनी विचारलं. धाकटीनं हवेत पुसून दाखवलं. हो, तिथं अंगठा दाबावा लागतो. “अंगठा कसा गेला, ते इथं आठवड्याच्या हिशोबानं दिसतंय. हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“आणि हे शेरे?”

“तेही मीच.”

धाकटीनं तक्ता ओढून घेतला आणि वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते. घाई. लक्ष नाही. ‘माज’पाशी ती थांबली.

“ताई, तुम्ही रोज माझ्याच काचा बघायचात?”

“हो.”

“सगळ्या?”

“सगळ्या. दोन-दोनदा.”

“आणि काट्याला काय सांगितलंत?”

मी तेही सांगितलं, शब्दासकट. तिनं तक्ता तळव्यानं परत ढकलला. डॉक्टरीणबाई दुसरं काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “हे सगळं नापास काचांचं आहे. आधी हात चांगले होते, याचा कागद लागेल. तो आहे?”

तो नव्हता. चांगल्या काचेचा तक्ता कोणी भरत नाही.

“मी लिहून देते,” मी म्हणाले. “सही करते.”

बाहेर बाकावर बसून मी कागद मांडीवर घेतला. धाकटी शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी लिहिलं, ‘द्रव बदलण्याआधीचे चार महिने चौदा नंबरचे काम चांगले होते.’

“चांगलं नको,” ती म्हणाली. “चांगल्या बऱ्याच जणी होत्या.”

“मग काय लिहू?”

“तुम्हाला वाटायचं ते लिहा.”

मी लिहिलं, ‘या चार महिन्यांत तिची एकही काच मला नापास करता आली नाही. तिच्यासारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत.’ लिहिताना छातीत तेच जुनं, ओळखीचं जळलं. इतक्या सगळ्यानंतरही जळलं.

तिनं वाकून वाचलं. “आता हेही लिहा, की तुम्हाला माझा हेवा वाटायचा.”

“ते कशाला?”

“नाहीतर म्हणतील, जावेनं जावेची बाजू घेतली. जळणारीनंच सांगितलं, तर कोण नाही म्हणेल?” तिचा आवाज अजिबात मऊ नव्हता. “मला बरं वाटावं म्हणून नाही सांगत.”

मी एक ओळ सोडून लिहिलं, ‘मला तिचा हेवा वाटत असे. म्हणून मी तिचे काम इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे तपासत असे.’ खाली सही केली.

धाकटीनं कागद दोन्ही तळव्यांत धरला, डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सगळा वाचून काढला.

“तारीख राहिली,” ती म्हणाली.